कंसातलं नाव

शुक्रवारी सकाळी साडेनऊला हेल्पलाइनवरच्या मुलीने फोन माझ्याकडे वळवला. "दादा, तुम्हीच बोला. मला काय बोलावं सुचंना."

पलीकडे औसा तालुक्यातल्या एका गावच्या बाई होत्या. आवाज वयस्कर. त्यांनी भांडायला फोन केलेला नाही, हे पहिल्या वाक्यातच कळलं.

"लेकरा, ह्यांना जाऊन तीन आठवडे झाले. पुतण्यानं फोन करून नाव काढायला लावलं होतं. काढलं म्हणून तुमच्या पोरीनं सांगितलं बी. आज सकाळी परत आलाय मेसेज. नातवानं मोठ्यानं वाचला. 'नमस्कार' म्हणून पुढं ह्यांचं नाव. सून चुलीपुढं होती, ती तशीच उठून आत गेली."

मी माफी मागितली, बघतो म्हणालो. "बघा बाबा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमची कंपनी पुण्याची. ज्या त्या बाजाराची यादी असते आणि त्या यादीतल्या शेतकऱ्यांना आठवड्यातून दोनदा भाव कळवले जातात. सोयाबीन काय गेलं, तूर कितीवर आहे, पुढचे तीन दिवस पावसाचं काय. २०२० मध्ये सगळ्यांनी घरून काम सुरू केलं तेव्हा मी लातूरला परत आलो आणि इथेच राहिलो. ही नावं, नंबर, गावं, पिकं ज्या यंत्रांवर राहतात ती सांभाळणं माझं काम. एखादं नाव हरवलं तर जबाबदारी माझी, आणि काढलेलं नाव परत आलं तरी माझीच.

मीही त्याच आठवड्यात गावाहून आलो होतो. दोन आठवड्यांमागच्या गुरुवारी रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजी गेली. मंगळवारी तेरावं झालं, बुधवारी मी लातुरात. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझा हात कीबोर्डकडे गेला नाही.

अशा वेळी पहिला संशय माणसांवर जातो. कुणीतरी नाव पुन्हा चढवलं असेल. कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप राहणारी नोंद मी उघडली. शनिवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नाव काढलेलं, त्यानंतर त्या नंबराला कुणाचाही हात लागलेला नाही. दुसरा संशय एक्सेलच्या याद्या चढवणाऱ्या कामावर. ते त्या पंधरवड्यात चाललंच नव्हतं. तिसरा घड्याळांवर, आणि तिथे मी शुक्रवारची दुपार घालवली. आमच्या व्यवस्थेत एकाच नोंदीबद्दल दोन गोष्टी पुढे आल्या तर जिच्यावर नंतरची वेळ आहे ती खरी धरतात. एखाद्या यंत्राचं घड्याळ पुढे धावत असेल, तर आज काढलेलं नाव कालच्या लिहिण्यापुढे हरू शकतं. वेगवेगळ्या यंत्रांवर घडलेल्या गोष्टींत आधी काय नि नंतर काय हे नुसत्या घड्याळावरून ठरवता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडून ठेवलंय. पण आमची सहाही घड्याळं जुळलेली निघाली.

इथे जरा रचना सांगावी लागेल. लातूरची गंजगोलाई पाहिलेल्याला ती सांगायला वेळ लागत नाही. मधे गोल, त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. समजा त्या गोलावर सहा आडत दुकानं आहेत. शेतकऱ्याच्या नंबरावरून गणिताने एक आकडा काढायचा, तो गोलावर जिथे पडेल तिथून पुढच्या तीन दुकानांत त्याच्या नोंदीची एकेक चिठ्ठी ठेवायची. नंतर विचारायला गेलं की तिघांपैकी दोघांनी उत्तर दिलं तरी पुरे. एखादं दुकान बंद असलं तरी बाजार थांबत नाही. नोंदी ठेवायला आम्ही कॅसँड्रा नावाची जी डेटाबेस वापरतो ती अशीच चालते. ती फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी बांधली आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. लक्ष्मण त्याआधी ॲमेझॉनच्या डायनॅमो या तशाच साठवण-व्यवस्थेवर काम करत होते. त्याचा शोधनिबंध २००७ चा, आणि गोलाची कल्पना कॅसँड्रात आली ती तिथूनच. आमची सहा यंत्रं पुण्यात एका भाड्याच्या जागेत आहेत. आम्ही त्यांना एक नंबर, दोन नंबर असंच म्हणतो.

संध्याकाळी मी वेगळा प्रश्न विचारला. ही नोंद लिहिली कधी? कॅसँड्रा प्रत्येक नोंदीवर लिहिल्याची वेळ ठेवते, ती मागता येते. उत्तर आलं तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधलं. त्या बाईंच्या मालकांनी पहिल्यांदा नाव नोंदवलं तो दिवस.

मी खुर्चीतून उठलो. कुणी नाव पुन्हा चढवलं असतं तर वेळ या आठवड्यातली दिसली असती. म्हणजे नवं काही लिहिलं गेलंच नव्हतं. जुनीच नोंद कुठेतरी शिल्लक होती आणि ती चालत आली होती.

मग त्या पंधरवड्यात काढलेल्या सगळ्या नावांची यादी घेतली आणि नांदेड, परभणी, हिंगोलीकडची नावं एकेक करून विचारत गेलो. एका नावाला पहिल्यांदा 'नाही' आलं. पुन्हा विचारलं, 'नाही'. तिसऱ्यांदा 'आहे'. त्यानंतर दहा वेळा विचारलं, दहाही वेळा 'आहे'. दुसऱ्या नावाचंही तसंच झालं. चौथ्या-पाचव्या नावाला माझ्या ध्यानात आलं की हे मीच करतोय, आणि अंगावर काटा आला. दोघांना विचारलं आणि त्यांची उत्तरं जुळली नाहीत, तर कॅसँड्रा तिथल्या तिथे दुरुस्ती करते. ज्याच्याकडे नोंद नाही त्याला ज्याच्याकडे आहे त्याची प्रत देते. चांगल्यासाठी केलेली सोय आहे ती. पण इथे माझ्या प्रत्येक विचारण्याने गेलेला माणूस आणखी एका यंत्रावर जिवंत होत होता. मी हात आखडता घेतला. त्यानंतर एकही प्रश्न न विचारता यंत्रांवरच्या फायली बाजूला कॉपी केल्या आणि त्याच उघडून वाचायला बसलो.

शनिवारचा दिवस त्यातच गेला. घरचे जेवायला हाक मारत होते, पण मला उठवत नव्हतं. रविवारी पहाटे तीनला आठवड्याची मोठी दुरुस्ती लागणार होती. तीत तिन्ही ठिकाणच्या प्रती एकमेकींशी ताडून सारख्या केल्या जातात. एकदा ती झाली की खरं कुठलं नि खोटं कुठलं हे फायलींवरून ओळखू येणार नव्हतं. ती दुरुस्ती मी आधी थांबवली.

अंधार पडता पडता सव्वीस नावांची यादी हाती आली. ही परत आलेली, किंवा परत येऊ शकणारी. ती कोणकोणत्या यंत्रांवर राहतात ते पाहिलं. सव्वीसच्या सव्वीस नावांच्या तीन ठिकाणांत चार नंबर होता. मग काढल्याच्या वेळेप्रमाणे यादी लावली. 'बंद' असा मेसेज पाठवला की आमच्याकडे नाव आपोआप निघतं, त्यामुळे रात्रीअपरात्रीही नावं निघत असतात. शुक्रवारी रात्री साडेदहाला एकाने नाव बंद केलेलं, त्याचीही नोंद चार नंबरवर असते, पण ते परत आलेलं नव्हतं. त्याच रात्री पहाटे साडेचारला दुसऱ्या एकाने बंद केलेलं, रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला उठला असेल बिचारा, ते परत आलेलं. पुढे मंगळवारपर्यंतची परत आलेली. बुधवारनंतरचं एकही नाही.

शुक्रवारी रात्री असं काय घडलं? चार नंबरची नोंद उघडली. १० वाजून ४० मिनिटांनी यंत्र बंद. पॉवर सप्लाय जळाला होता.

ते मला माहीत होतं. आजीला जाऊन दुसरा दिवस होता. गावात रेंज नाही, डीपी जळालेली, मी फोन घेऊन माळवदावर चढलो होतो. खाली अंगणात बायका बसलेल्या, कंदील लावलेला. पुण्याचा सहकारी, माझ्याहून बराच लहान, म्हणाला, "दादा, चार नंबर गेला." मी म्हणालो, "राहू दे. दोघं आहेत ना, काम चालतंय. पार्ट मागव." पार्ट यायला वेळ लागला. परत येताना बुधवारी एसटीत असताना त्याचा पुन्हा फोन आला. "नवीन सप्लाय लावलाय दादा, चालू करू का?" मी म्हणालो, "कर." एका शब्दात.

मधे बारा दिवस गेले होते.

एखादं यंत्र बंद असलं तर बाकीचे त्याच्यासाठी निरोप बाजूला ठेवतात, ते उठलं की देतात. पण निरोप साठवायची मुदत तीन तास. १० वाजून ४० मिनिटांपासून तीन तास म्हणजे १ वाजून ४० मिनिटं. साडेदहाचं 'बंद' चार नंबरला चालू असतानाच मिळालं होतं, साडेचारचं मिळालंच नाही. आणि दुसरी मुदत दहा दिवसांची. सेटिंगमध्ये ती सेकंदांत असते, ८,६४,०००. हा आकडा मी कित्येक वर्षं पाहत आलोय. त्या रात्री पहिल्यांदा त्याला मनातल्या मनात ८६,४०० ने भागलं आणि दहा आले तेव्हा थांबलो.

या दहा दिवसांचा अर्थ मला आमच्या घरातल्या एका कागदावरून जास्त नीट सांगता येईल. तेराव्याच्या संध्याकाळी गोड जेवण झाल्यावर चुलत्यांनी पत्र्याची पेटी काढली. आजीच्या नावची जमीन, वारस नोंद करायची, तलाठ्याकडे काय काय न्यायचं हे बोलणं चाललं होतं. पेटीत १९५४ च्या खासरा पाहणीची नक्कल होती, पिवळी पडून घडीवर फाटलेली, आणि हाताने लिहिलेले जुने सातबारे. एका सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव होतं आणि त्याला शाईने कंस केलेला. खाली आजोबांचं नाव, बाजूला फेरफाराचा नंबर. माझा धाकटा चुलतभाऊ विचारत होता, मेलेल्या माणसाचं नाव खोडून का नाही टाकत? चुलते म्हणाले, "खोडलं तर कोण होतं ते कसं कळंल? कंस दिसला की कळतं, हे होते, आता न्हाईत."

कॅसँड्रात नाव काढणं हेही असंच कंस करणं आहे. काढा म्हटलं की ती काही पुसत नाही, उलट आणखी एक खूण लिहिते: हे होतं, आता नाही, अमुक वेळेपासून. या खुणेला आमच्या धंद्यात टूमस्टोन म्हणतात, थडग्याचा दगड. मला कंस हा शब्द जवळचा वाटतो. ही खूण तिन्ही ठिकाणी पोचली पाहिजे, कारण नुसतंच पुसलं आणि एका ठिकाणी नोंद राहिली, तर रिकामी जागा बघून इतरांना वाटेल की आपल्यालाच ही नोंद मिळायची राहिली. कंस मात्र किती दिवस सांभाळायचे? ते साठत गेले तर वाचणं जड होतं. म्हणून दहा दिवस. तेवढ्यात सगळ्यांना कळलं असेल असं धरायचं आणि पुढच्या आवराआवरीत मूळ नोंद नि कंस दोन्ही टाकून द्यायचं.

चार नंबर बारा दिवसांनी उठला. बाकी दोघांनी तोवर शनिवार-रविवारचे कंस टाकून दिलेले. त्यांच्याकडे त्या माणसाचं नावही नाही आणि तो गेल्याची खूणही नाही. चार नंबरकडे मात्र नाव होतं, धडधाकट, बिनकंसाचं. विचारणा झाली, उत्तरं जुळली नाहीत, आणि बाकीच्यांनी त्याची प्रत घेतली. रोज आणखी काही कंसांचे दहा दिवस भरत होते, तशी यादी वाढत होती. मी घाई केली ती त्यासाठी.

आजीचं माहेर भालकीकडचं. निजामाच्या राज्यात सगळं एकच होतं. १९५६ मध्ये प्रांतरचना झाली, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि तिचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं. येणं-जाणं तसंच राहिलं, फक्त कागदावर सरहद्द आली. पणजोबा वारले तेव्हा सगळ्या सोयऱ्यांना कार्डं गेली, कोपरा फाडलेली, वर श्री नसलेली. भालकीचं कार्ड पोचलं नाही. दिवाळीनंतर आजीचा भाऊ आला. पिशवीत पणजोबांसाठी धोतरजोडी. दारातूनच त्याने हाक मारली, "मामा हायेत का घरात?" आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा इथे थांबायची. म्हणायची, कुणी उत्तरच देईना. मग माझी सासू उठली आणि पुन्हा पहिल्या दिवसासारखा आकांत झाला. ती धोतरजोडी बरीच वर्षं पेटीत होती.

शनिवारी रात्री मला तो दारात उभा राहिलेला भाऊ सारखा दिसत होता. त्याला कळलं नव्हतं, घराला माहीत होतं, आणि रडत का होईना घराने त्याला सांगितलं. आमच्या यंत्रांत उलटं झालं. ज्याला कळलं नव्हतं त्याचंच बाकीच्यांनी ऐकलं, कारण त्यांनी आपली आठवण टाकून दिली होती. बिघाड म्हणावा असा कोडमध्ये कुठेच नव्हता. प्रत्येक भाग नेमून दिलेलं काम बिनचूक करत होता. दहा दिवसांहून जास्त बंद राहिलेलं यंत्र तसंच चालू करायचं नसतं. त्याच्यावरचं सगळं पुसायचं, रिकामं करून आत घ्यायचं, मग ते इतरांकडून नव्याने भरून घेतं. हे या कामातल्या प्रत्येकाला शिकवतात. मलाही माहीत होतं. एसटीच्या खिडकीशी बसून मी "कर" म्हणालो तेव्हा मी दिवस मोजले नव्हते. आजीचे मोजत होतो.

सहकाऱ्याला रात्री अकराला फोन केला. तो घाबरला, "दादा, मी चालू केला ना." मी सांगितलं, तू विचारलंस, मी हो म्हणालो. मग दोघांनी मिळून चार नंबर बंद केला, पुसला, रिकामा करून परत जोडला. तो भरायला पहाट झाली. सव्वीस नावं पुन्हा काढली, आजच्या वेळेचे नवे कंस घालून, आणि तिन्ही ठिकाणी ते पोचल्याचं फायली उघडून पाहिलं. मग थांबवलेली दुरुस्ती सुरू केली. आता कुठलंही यंत्र सात दिवसांहून जास्त बंद राहिलं तर ते आपणहून चालूच होत नाही, आधी माणसाला विचारतं, आणि काय करायचं ते पडद्यावर मराठीत लिहून येतं. आठवड्याची दुरुस्ती चुकली तर दोघांच्या फोनवर घंटी वाजते.

सव्वीसमधली सात नावं घरच्यांनी माणूस गेला म्हणून काढायला लावलेली. त्यांतल्या सहा घरांत मेसेज जायच्या आत नाव सापडलं. सातवं घर औसा तालुक्यातलं.

सोमवारी मी त्या बाईंना फोन केला. हे सगळं त्यांना कसं सांगावं याचा रविवारभर विचार करत होतो. शेवटी एवढंच सांगितलं, मावशी, तीन ठिकाणी नाव लिहिलेलं असतं, दोन ठिकाणी काढलं, तिसऱ्याला निरोप पोचला नाही, ती चूक माझी.

"मग आता नाही ना यायचा?"

"नाही येणार मावशी. मी स्वतः बघितलंय."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मागे कोंबड्या, कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज.

"एक काम करशील का बाबा? सोयाबीन अजून घरातच हाय. ह्यांनी पोती भरून ठेवल्यात, भाव येईना म्हणून घातलं न्हवतं. आता मलाच बघावं लागंल. तो भावाचा मेसेज माझ्या नावानं चालू होईल का?"

होईल म्हणालो. नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. मधलं नाव विचारल्यावर त्या गप्प झाल्या. फोन कानापासून लांब गेल्याचं कळलं, आणि मग लांबून आवाज आला, "हे बघ, सांग रे आजोबाचं नाव."

नातवाने सांगितलं. मी ते लिहिलं, पिकाच्या रकान्यात सोयाबीन टाकलं, आणि फोन चालू असतानाच तिन्ही यंत्रांना वाचायला लावलं. तिघांकडूनही सारखंच आलं.